वीजबिलामागचा वकील

महावितरणचं बिल हातात घ्या आणि शेवटची रक्कम सोडून वरच्या ओळी वाचा. स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार. वीज शुल्क, १६ टक्के. आपण सहसा खालचा आकडा बघतो, मनातल्या मनात दोन शिव्या हासडतो आणि फोनवरून पैसे भरून मोकळे होतो. पण यातल्या एकेका ओळीवर कुणीतरी, कुठेतरी, काळा कोट घालून भांडलेलं आहे.

२८ मार्च २०२५ ला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पुढच्या पाच वर्षांचे दर जाहीर केले. वीज स्वस्त होणार, अशा बातम्या झळकल्या. पाचच दिवसांनी आयोगाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश आला आणि त्यात दर वेगळे निघाले. लोक गोंधळले. ज्याने निकाल दिला तोच तो मागे घेतो, हे कसलं कोर्ट? तर ते कोर्ट नाहीच, आणि तिथे भांडणारे वकीलही आपल्याला तालुक्याच्या कोर्टात भेटतात तसले नव्हेत. त्यांच्या शाखेला ऊर्जा आणि नैसर्गिक संसाधन कायदा म्हणतात. घरातलं पोर ‘मला यात वकिली करायचीय’ म्हणालं, तर आई-बाप ‘म्हणजे मीटरच्या तक्रारी का रे?’ असं विचारतात. तेवढंच नाही ते.

आंब्याची बाग आणि वीजप्रकल्प

वीज, कोळसा, तेल, वायू ही झाली ऊर्जा. खाणी, जंगल, वाळू, पाणी ही नैसर्गिक संसाधनं. दोन्ही एका वकिलाच्या टेबलावर का येतात? कारण साखळी एकच आहे. वणीच्या किंवा चंद्रपूरच्या जमिनीखालचा कोळसा वर येतो, भट्टीत जातो आणि आपल्या घरात युनिट होऊन उतरतो. या साखळीत कुठेही गाठ पडली की भांडण.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हा सगळा धंदा आंब्याच्या बागेसारखा आहे. पैसा आज ओतायचा, तोही हजारो कोटींत, आणि वसुली पुढची पंचवीस वर्षं. या पंचवीस वर्षांत पाच निवडणुका होतात, रुपया घसरतो, कोळसा महागतो, कायदे बदलतात, कधी साथ येते. बागेवर गारा पडल्या तर नुकसान मालकाचं, की आधीच फळाचा सौदा करून गेलेल्या व्यापाऱ्याचं? हे गारा पडल्यावर ठरवायला बसलं तर डोकी फुटतात. म्हणून ते आधी लिहून ठेवायचं असतं. वीज बनवणारा आणि वीज विकत घेणारी वितरण कंपनी यांच्यात असा जो लांबलचक कागद होतो, तो वीज खरेदी करार. या धंद्यातले लोक त्याला नुसतं ‘पीपीए’ म्हणतात.

मला विचाराल तर या वकिलाचं अख्खं काम एका प्रश्नात मावतं: उद्या अमुक झालं, तर भुर्दंड कोणाच्या डोक्यावर? करार लिहिताना तो हा प्रश्न विचारतो आणि करार मोडल्यावर याच प्रश्नाच्या उत्तरावर भांडतो. उत्तर चुकलं किंवा मोघम राहिलं, तर भुर्दंड गडगडत खाली येतो आणि बिलाच्या कुठल्यातरी ओळीत जाऊन बसतो.

खाणावळीचा डबा आणि दाभोळ

स्थिर आकार सगळ्यांना खुपतो. ‘महिनाभर घर बंद होतं, तरी पैसे?’ महिन्याची खाणावळ लावलेली असेल तर हे समजायला सोपं आहे. जागेचं भाडं आणि स्वयंपाकीणबाईंचा पगार तुम्ही जेवा न जेवा, द्यावाच लागतो. वरच्या पोळ्या-भाजीचे पैसे खाल तेवढे. वीजप्रकल्पाचंही तसंच. यंत्रं उभी केली, कर्ज काढलं, माणसं ठेवली. आता वीज घ्या किंवा नका घेऊ, एक ठरावीक रक्कम द्यायची. वर जळेल त्या इंधनाचे पैसे वेगळे. वितरण कंपनी प्रकल्पाला जे ठरावीक देते, त्याचीच सावली आपल्या बिलावर स्थिर आकार म्हणून पडते.

ही रचना मुळात वाईट नाही. ती कशी लिहिली, यावर सगळं. महाराष्ट्राने याची जबर किंमत मोजली ती एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पात. (प्रकल्प खरं तर गुहागर तालुक्यात अंजनवेलला, दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे. नाव मात्र पलीकडच्या गावाचं पडलं.) डिसेंबर १९९३ मध्ये तेव्हाच्या राज्य वीज मंडळाने करारावर सही केली. ठरावीक रकमेचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. इंधन आयातीचं, म्हणजे तेही डॉलरमध्ये. वर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. वाद झाला तर लवाद लंडनमध्ये. आता आपला प्रश्न विचारून बघा. रुपया घसरला तर? मंडळाच्या डोक्यावर. तेल भडकलं तर? मंडळाच्या. राज्याला एवढी वीज लागलीच नाही तर? तरीही मंडळाच्या.

१९९५ मध्ये सत्ता बदलली, नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी होऊन तो परत आला. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. मे २००१ मध्ये बंद पडली. त्याच डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. भांडणांचा गुंता सुटायला २००५ उजाडलं. रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाची नवी कंपनी उभी करून प्रकल्प तिच्याकडे दिला गेला.

या रामायणातला एक तपशील मला नेहमी आठवतो. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने कंपनीवर ४०१ कोटींचा दंड लावला. कारण? थंड पडलेला प्रकल्प मागणी आल्यापासून तीन तासांत पूर्ण क्षमतेला पोचला पाहिजे, असं कागदावर होतं, आणि तो पोचला नाही असं मंडळाचं म्हणणं. मोर्चे झाले, सभा गाजल्या, निवडणूक लढवली गेली. पण मंडळाच्या हाताला खरं हत्यार लागलं ते कराराच्या पानांत दडलेल्या ‘तीन तास’ या दोन शब्दांत. या शाखेतला वकील असले शब्द शोधत असतो. किंवा आपल्या पक्षकाराच्या विरोधात ते लिहिले जाऊ नयेत म्हणून रात्री जागत असतो.

एक प्रकरण, तीन उत्तरं

दाभोळ बंद पडल्यावर दोन वर्षांत वीज कायदा २००३ आला. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावरची सूत्रधारी कंपनी तयार झाली. दर ठरवण्याचं काम नियामक आयोगांकडे पक्कं झालं. आयोग म्हणजे खेळाडूही नाही आणि सरकारी खातंही नाही, तो पंच. दोन राज्यांना पुरवठा असेल तर केंद्रीय आयोग, एका राज्यातलं असेल तर राज्याचा. त्याचा आदेश पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीच्या वीज अपीलीय न्यायाधिकरणाकडे जायचं. तिथल्या खंडपीठावर एक सदस्य न्यायाच्या बाजूचा आणि एक तांत्रिक बाजूचा असावाच लागतो. त्याच्या वर सुप्रीम कोर्ट, आणि तेही फक्त कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच.

गंमत म्हणजे आयोग कायद्याचा अर्थ लावतो, दंड करतो, करोडोंचे वाद सोडवतो, पण त्यावर कायद्याचा एकही माणूस नसला तरी वर्षानुवर्षं चालून जात होतं. निदान एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातला हवाच, हे सुप्रीम कोर्टाला एप्रिल २०१८ मध्ये सांगावं लागलं.

ही शिडी कशी चालते ते मुंद्र्यावरून बघू. कच्छमध्ये मुंद्रा इथे ४,००० मेगावॅटचा प्रकल्प. टाटा पॉवरच्या कंपनीने बोली जिंकली ती पंचवीस वर्षांच्या समतल दराने, म्हणजे सगळ्या वर्षांचा मिळून काढलेल्या एका सरासरी दराने, युनिटमागे २ रुपये २६ पैसे. गिऱ्हाईक पाच राज्यं: गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, पंजाब, हरियाणा. कोळसा इंडोनेशियाचा. सप्टेंबर २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम केला की आंतरराष्ट्रीय भावाखाली कोळसा विकायचाच नाही. स्वस्त कोळशाचं गणित एका रात्रीत कोसळलं. शेजारीच असलेल्या अदानींच्या प्रकल्पाचीही तीच गत. दोघे म्हणाले, परक्या देशाने कायदा बदलला यात आमचा काय दोष? दर वाढवून द्या.

लग्नाच्या जेवणाचं कंत्राट डोळ्यांपुढे आणा. केटररने ताटाचा भाव ठरवून दिला. लग्नाच्या आठवड्यात कांदा दुप्पट झाला. तो म्हणाला, भाव वाढवा. तुम्ही म्हणाल, तुझा धंदा आहे, तू बघ. पण संचारबंदी लागून लग्नच होऊ शकलं नाही, तर ती दोघांच्याही आवाक्याबाहेरची गोष्ट. आणि सरकारने जेवणावर नवाच कर बसवला, तर तो कोणी भरायचा हे आधी ठरलेलं असेल तसं. तीन प्रसंग, तीन वेगळी उत्तरं. करारात दुसऱ्याला आवाक्याबाहेरची आपत्ती म्हणतात आणि तिसऱ्याला कायदाबदल.

मुंद्र्याचा कोळसा यातला कोणता? केंद्रीय आयोगाने २०१३ मध्ये सांगितलं, करारात बसत नाही, पण आमचे अधिकार वापरून काही भरपाई देतो. अपीलीय न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये सांगितलं, ही आवाक्याबाहेरची आपत्तीच आहे. सुप्रीम कोर्टाने ११ एप्रिल २०१७ ला सांगितलं, दोन्ही चूक. कोळसा महागला म्हणजे वीज बनवणं अशक्य झालं असं नव्हे, तो कांदाच. आणि करारातला ‘कायदा’ हा शब्द भारतातल्या कायद्यासाठी आहे, इंडोनेशियातल्या नव्हे.

मात्र त्याच निकालात एक दार उघडं राहिलं. देशी कोळशाचं काय? सरकारच्या धोरणाने आधी पुरेशा कोळशाचा भरवसा दिला होता आणि २०१३ मध्ये तो भरवसा खाली आणला. हा मात्र कायदाबदल, असं कोर्ट म्हणालं. त्या दारातून पुढे बरेच प्रकल्प आत शिरले. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या प्रकल्पाचा महावितरणशी असलेला वाद मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन कंपनीच्या बाजूने लागला. अशी भरपाई महावितरण आपल्या खिशातून देत नाही, कारण महावितरणचा खिसा म्हणजे आपणच. ती दरात मिसळते.

खंड की शेतसारा?

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीखाली.

तुमची जमीन मी कसायला घेतली तर तुम्हाला खंड देतो. तो तुमच्या मालकीचा मोबदला. सरकारला शेतसारा द्यावा लागतो तो वेगळा, तो कर. खंड आणि सारा यांतला फरक खेड्यातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल. पण खाणीतून काढलेल्या प्रत्येक टनामागे जी रॉयल्टी द्यावी लागते, ती खंड की सारा, हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पस्तीस वर्षं लागली.

१९८९ मध्ये सात न्यायमूर्ती म्हणाले, रॉयल्टी हा कर आहे. २००४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी निकालात लिहिलं की त्या जुन्या निकालात बहुधा छपाईची चूक आहे. त्यांना ‘रॉयल्टीवरचा उपकर’ म्हणायचं होतं, एक शब्द गळला. म्हणजे लहान पीठ मोठ्या पिठाला सांगतंय की तुमच्या निकालात मुद्रणदोष आहे! शेवटी नऊ जणांचं पीठ बसलं आणि २५ जुलै २०२४ ला आठ विरुद्ध एक असा निकाल लागला: रॉयल्टी हा कर नाही, तो खंडासारखा मोबदला आहे, आणि खनिज असलेल्या जमिनीवर राज्यं वेगळा कर लावू शकतात. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत एकटं विरोधी पडलं. १४ ऑगस्टला कोर्टाने पुढचं सांगितलं. राज्यांना १ एप्रिल २००५ पासूनचा कर मागता येईल, आणि तो १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत भरायचा.

खाणवाल्यांची ही भांडणं आपल्याला काय करायची? फिरून तिथेच या. एखाद्या राज्याने कोळशाच्या जमिनीवर नवा कर लावला, की वीजप्रकल्पाचा वकील करार उघडणार, ‘कायदाबदल’ या कलमावर बोट ठेवणार आणि आयोगात अर्ज टाकणार.

हेच भांडण छोट्या रूपात आपल्या गल्लीतही येतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाप्रमाणे जमिनीवरची आणि जमिनीखालची खनिजं राज्य सरकारची. विनापरवाना मुरूम किंवा वाळू उचलली तर तहसीलदार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू शकतो. मग इमारतीचा पाया खणताना निघालेली माती? पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांना त्यासाठीही नोटिसा गेल्या. डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नुसतं खणलं म्हणून रॉयल्टी लागत नाही. त्या मातीचं पुढे काय केलं ते बघा.

गोव्यात मुदत कधी संपली?

गोव्याचं खाणप्रकरण बहुतेकांना ‘पर्यावरणवाल्यांनी खाणी बंद पाडल्या’ एवढंच ठाऊक असतं. आत शिरलं तर तो तारखांचा खेळ आहे. पोर्तुगीजांनी खाणींच्या सवलती जवळजवळ कायमच्या देऊन टाकल्या होत्या. संसदेने १९८७ मध्ये कायदा करून त्या रद्द केल्या आणि त्यांना गोवामुक्तीपासूनचे खाणपट्टे मानलं. पट्टा म्हटला की मुदत आली. ती मुदत, नूतनीकरण धरूनही, २२ नोव्हेंबर २००७ ला संपली, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१४ मध्ये ठरवलं. म्हणजे त्यानंतर जे खनिज निघालं ते पट्टा नसताना निघालं.

पुढे काय झालं बघा. लिलावाशिवाय खाणी देता येणार नाहीत असा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ ला निघाला, आणि त्याच्या आधीच्या थोड्याच दिवसांत राज्याने ८८ पट्ट्यांचं दुसऱ्यांदा नूतनीकरण उरकून घेतलं. ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने ते सगळे रद्द केले. १६ मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, सगळ्यांचे हप्ते थकले. ज्यांनी नूतनीकरणाचा सल्ला दिला त्यांनी हप्त्यांचा विचार केला होता का, हा प्रश्न मला अजून पडतो. कायदेशीर सल्ला चुकला की दंड पक्षकाराला होतो, पण पोटावर पाय तिसऱ्याच्याच पडतो.

मग हा वकील दिवसभर करतो काय?

सिनेमातला वकील करतो ते तर नाहीच. नव्या वकिलाची पहिली दोन वर्षं सातबारा वाचण्यात जातात. सौरप्रकल्पाला शंभर एकर लागते आणि ती ऐंशी खातेदारांची असते. प्रत्येकाचे फेरफार काढायचे, वारस लागलेत का बघायचं, कुळ आहे का, जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर कलेक्टरची परवानगी आहे का, गहाणाचा बोजा आहे का. यातून जो सर्च रिपोर्ट बनतो, त्यावर बँक शेकडो कोटींचं कर्ज देते. एका बहिणीची सही राहिली तर प्रकल्प अडतो. चांगल्या महसुली कारकुनाइतकं हे ज्ञान पक्कं असलं पाहिजे, आणि इथे मराठी माध्यमातून आलेली पोरं मोठ्या शहरातल्या इंग्रजी पोरांच्या पुढे असतात. हे मी कौतुकाने नाही, बघून सांगतोय.

पुढची पायरी निविदा आणि करारांची. त्यानंतर आयोगापुढचे अर्ज. तिथे टेबलापलीकडे इंजिनियर किंवा हिशेबतज्ज्ञ बसलेला असतो. त्याला भाषण नको, तक्ता हवा. मेगावॅट म्हणजे क्षमता आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष वापर. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. एवढं ज्याला झोपेत सांगता येत नाही, त्याने एक्सेल शिकावं आणि मगच तिथे उभं राहावं.

रस्ता मात्र नेहमीचाच आहे. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायदा, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, अखिल भारतीय बार परीक्षा. वेगळी ‘ऊर्जा वकिलाची’ सनद नसते. मुंबईतल्या मोठ्या फर्म करार आणि कर्जाची कामं करतात. अपिलांसाठी दिल्ली गाठावी लागते. कोळशाच्या कामासाठी नागपूर, कारण वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय तिथे. खाणींसाठी गोवा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात. सरकारी वा खाजगी कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर सनद स्थगित ठेवावी लागते, म्हणजे कोर्टात उभं राहता येत नाही. ही गोष्ट कॅम्पसमध्ये कोणी नीट सांगत नाही आणि मुलं नोकरीला लागल्यावर दचकतात.

“पण हे तर कंपन्यांचेच वकील!”

बहुतेक वेळा, हो. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे नामांकित वकील, हे इथेही खरं आहे. पण या शाखेत दुसऱ्या बाजूलाही जागा आहे, आणि ती कायद्यानेच दिलीय. दरवाढीचा अर्ज आला की तो जाहीर करावाच लागतो, लोकांच्या सूचना-हरकती ऐकाव्याच लागतात. नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे अशा ठिकाणी त्यासाठी सुनावण्या होतात. तिथे बोलायला सनद लागत नाही. आपल्याकडे यंत्रमागवाले, शेतकरी, लघुउद्योजक स्वतः उभे राहून आकडे मांडतात, आणि पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्था ग्राहकांच्या बाजूने वर्षानुवर्षं तपशिलात जाऊन भांडत आल्यात. गोव्याचे दोन्ही निकाल ‘गोवा फाउंडेशन’ या स्वयंसेवी संस्थेच्या याचिकांवरचे आहेत.

आणि गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव विसरून कसं चालेल? वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याला १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा! बांबू तुमचा, पण रस्त्यावर आणाल तर गुन्हा. ग्रामसभा अडून बसली. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. मालकी आणि विक्रीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मी कुठल्याही वर्गात इतकं स्वच्छ शिकलो नसतो.

शेतातला टॉवर आणि मेलेला कायदा

गावाकडून हमखास येणारा प्रश्न: माझ्या शेतात उच्चदाबाच्या वाहिनीचा टॉवर उभा करतायत, भूसंपादनाची नोटीससुद्धा नाही, असं चालतं का?

चालतं, आणि त्याचं कारण १८८५ चा तार कायदा. तारखात्याला खांब रोवायला जे अधिकार इंग्रजांनी दिले, ते वीज कायद्याच्या १६४व्या कलमाने पारेषण कंपन्यांना देता येतात. जमीन तुमच्याच नावावर राहते, म्हणून संपादन नाही, फक्त नुकसानभरपाई. अडवणूक झाली तर जिल्हा दंडाधिकारी काम करू देण्याचा आदेश देतो. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, आणि हा दुसरा भाग बऱ्याच शेतकऱ्यांना कोणी सांगतच नाही. देशातली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात जुना तार कायदाही मोडीत काढायची तरतूद झाली, पण विजेच्या वाहिन्यांसाठी त्याचा तिसरा भाग तेवढा जिवंत ठेवला. तार गेली, खांब राहिले.

“सौरऊर्जा आली की ही भांडणं संपतील”

ऊन फुकट आहे, त्याला रॉयल्टी नाही, इंडोनेशिया त्याचा भाव वाढवू शकत नाही. मग भांडायचं कशावर? आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये नवं सरकार आलं आणि आधीच्या सरकारने केलेले पवन-सौर करार महाग आहेत म्हणून दर खाली आणायला निघालं. दाभोळचीच पुनरावृत्ती, फक्त तिथल्या नाफ्ता या इंधनाच्या जागी ऊन आणि वारा. मार्च २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं, कराराप्रमाणे पैसे द्या. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटात सौरप्रकल्पांच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये ते व्यवहार्य नाही म्हणून आदेश सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक बघायला गेलेल्यांना या पक्ष्याची दुर्मिळता वेगळी सांगायला नको.

आणि आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. शेतकऱ्याने पडीक जमीन भाड्याने द्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. योजना चांगली आहे. पण भाडेकरार पंचवीस-तीस वर्षांचा. सही करणारा आज पन्नाशीचा असेल तर तो संपताना त्याचा नातू कर्ता असेल. म्हणून सहीआधी करार घरात मोठ्याने वाचायचा आणि आपला तोच प्रश्न ओळीओळीला विचारायचा. कंपनी विकली गेली तर नवा मालक भाडं देणार का? दोन वर्षं भाडं थकलं तर जमीन परत मिळणार का, की तोवर बँकेचा हक्क पुढे? आपली जमीन कंपनीच्या कर्जासाठी तारण जाणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय का? शेजारच्या बांधावरून रस्ता कोणाच्या जबाबदारीवर? आणि पंचवीस वर्षांनी वाफ्यावाफ्यात रोवलेले सिमेंटचे पाये उपटून, फुटक्या काचा वेचून, रान पुन्हा नांगरता येईल असं कोण करून देणार, त्याचे पैसे आजपासून कुठल्या खात्यात ठेवले जाणार? ही शेवटची ओळ छापील मसुद्यात सापडली नाही तर ती हाताने लिहून घ्या, आणि तिच्याखाली दोघांच्या सह्या.